आधी पाणी, मग खुंट

भात कापून पेंढा घरी आला की पालघर तालुक्यातली रानं मोकळी होतात. दिवाळी झाली की घाटावरचे मेंढपाळ कोकणात उतरतात आणि त्यांच्या मेंढरांमागून बिऱ्हाड लादलेली घोडी या रानांत येतात. केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे आहेत. बोईसर-पालघरच्या आसपास वरातीसाठी घोडा पाळणारी घरं आहेत. लग्नसराई नसली, पर्यटक नसले की या जनावरांना गावाबाहेरच्या माळावर, पडीक रानात, कुणाच्या तरी बांधाला खुंट ठोकून चरायला सोडलं जातं. तिथे गवत असतं आणि सावलीही बरेचदा असते. नळ मात्र नसतो, मोटारीला वीज नसते, आणि विहीर असलीच तर तिच्या काठाला जनावराला तोंड घालता येईल अशी हाळ नसते.

हे आवाहन त्या जनावरांच्या धन्यांना आहे. ज्या शेतकऱ्याच्या रानात ती बांधली जातात त्याला आणि ज्या गावच्या हद्दीत ती चरतात त्या गावालाही आहे. सांगायचं एवढंच, की रान बघण्याआधी पाणी बघा. रोज किती पाणी लागेल, ते कुठून येईल, कोण आणेल आणि कशात ठेवेल, या चार गोष्टी ठरल्याशिवाय खुंट ठोकू नका. आपल्याकडे हे नेमकं उलट होतं. गवत दिसलं की घोडा बांधायचा आणि पाण्याचं 'बघू संध्याकाळी' म्हणायचं. मार्चनंतर ही संध्याकाळ फार लांब पडते.

आधी हिशेब करू. घोडा दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के पाणी पितो, म्हणजे शंभर किलोमागे पाच लिटर. हा हिशेब थंडीतला आणि बसून असलेल्या जनावराचा. अडीचशे किलोच्या तट्टाला अशा दिवसांत बारा-तेरा लिटर पुरतात. तेच तट्टू एप्रिलमध्ये उन्हात उभं असेल, ओझं वाहत असेल किंवा वाळूत पळत असेल, तर पंचवीस लिटरही कमी पडतात. मोठ्या अंगाच्या, चार-पाचशे किलोच्या वरातीच्या घोड्याला उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर धरून चाला. शिंगरू पाजणारी घोडी असेल तर त्याहून जास्त.

यात एक गोष्ट हमखास सुटते. हिरव्या गवतात पाऊणएक भाग पाणीच असतं, त्यामुळे श्रावणात घोडा बादलीकडे फारसा बघत नाही. धन्याला त्याची सवय होते. पुढे तेच गवत वाळतं आणि त्यात दहा-बारा टक्के पाणी उरतं. पोटात जाणारं गवत तेवढंच, पण त्याच्याबरोबर जाणारं पाणी गेलेलं. ते सगळं आता बादलीतून भरून काढावं लागतं. आपल्या भागातलं सुकं गवत वर्षानुवर्षं मुंबईच्या तबेल्यांत जातं, त्याची किंमत आपण बरोबर जाणतो. पण सुक्या गवताच्या प्रत्येक भाऱ्यामागे पाणी जोडावं लागतं, ते कुणी मोजत नाही. पाणी कमी पडलं की आतड्यातला चारा घट्ट होतो, पुढे सरकत नाही आणि घोड्याला पोटशूळ उठतो. उन्हाळ्यातल्या पोटदुखीचं मूळ कितीदा तरी रिकाम्या बादलीत असतं.

आता मेंढपाळाच्या तळाचा हिशेब. दोनशे मेंढरं, प्रत्येकी चार लिटर, म्हणजे आठशे लिटर. तीन घोडी, त्यांचे पंचाहत्तर. कुत्री, कोंबड्या आणि माणसांचा स्वयंपाक धरला की हजार लिटरची टाकी एका दिवसात संपते. शेतकरी मेंढरं बसवून घेतो ते लेंडीखतासाठी. बोलणी होतात ती पैशाची, धान्याची आणि किती रात्री बसवायची याची. 'पाण्याची सोय हाय का?' असं मेंढपाळ विचारतो तेव्हा बांधावरून उत्तर येतं, 'मामा, रान घ्या, पाण्याचं तुमचं तुम्ही बघा.' हे उत्तर बदलायला हवं. खत तुमच्या रानात पडणार आहे, ते पाण्यावाचून पडत नाही. बोलणीतच पाणी घाला. विहिरीची मोटार दिवसातून किती वेळ चालवायची, टाकी कोणाची, डिझेल कोणाचं, हे पहिल्या दिवशी ठरलं तर तिसऱ्या दिवशी भांडण होत नाही. त्या घोड्यांकडेही जरा मानाने बघा. घाटावरच्या भटक्या मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या जपलेली भीमथडी ही घोड्याची जात. अलीकडेच राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. आपल्या बांधावर ओझं उतरवून उभं असलेलं ते बुटकं, काटक जनावर याच वंशाचं असू शकतं.

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न बोईसर-तारापूरकडे इतर गावांपेक्षा जास्त जपून सोडवावा लागतो. पालघर जिल्ह्यात पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो, तरी होळीनंतर ओढे कोरडे पडतात. एमआयडीसीच्या अवतीभवती मात्र भर मे महिन्यातही काही नाले वाहताना दिसतात. भर उन्हाळ्यात वाहणारा नाला दिसला की जनावर मोकळं सोडण्याचा मोह होतो. तो मोह आवरा. ओढे आटलेले असताना हे पाणी कुठून आलं, हे आधी विचारा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक वसाहतींची प्रदूषणाची क्रमवारी लावली, तीत तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं. या भागातल्या नाल्यांची आणि खाड्यांची जी दैना झाली तिच्यासाठी मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयात काय व्हायचं ते होईल. तुमच्या घोड्याला आज पाणी पाजायचं आहे, आणि ते त्या नाल्याचं नको, एवढं पक्कं धरा. पाणी स्वच्छ दिसतं, फेस नाही, वास नाही, यावर जाऊ नका. विरघळलेली रसायनं डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. कुत्र्या-मांजरासारखं पोटात गेलेलं वाईट बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. जे आत गेलं ते पूर्ण वाट चालूनच जाणार.

नाल्याइतकीच धोक्याची गोष्ट आपण पैसे देऊन घरी आणतो, ती म्हणजे निळा ड्रम. दोनशे लिटरचा, झाकणाचा, जाड प्लास्टिकचा हा ड्रम भंगारवाल्याकडे नव्या टाकीच्या मानाने स्वस्तात मिळतो, आणि औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांत तो घरोघरी दिसतो. उभा कापला की त्याच्या दोन हाळी होतात, म्हणून जनावरं पाळणाऱ्यांना तो फार सोयीचा वाटतो. पण तो कारखान्यातून आला असेल तर त्यात आधी काय होतं? तारापुरात रंग-रसायनं बनतात, औषधांचा कच्चा माल बनतो, कापडावर प्रक्रिया होते. त्या कामाला लागणारी द्रावकं आणि आम्लं अशाच ड्रमांतून येतात. विकताना वरचा कागद काढलेला असतो. साबणाने धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला, वास गेला, म्हणजे ड्रम शुद्ध झाला असं आपण समजतो. तसं होत नाही. हे प्लास्टिक कित्येक द्रावकं स्वतःत शोषून घेतं आणि पुढे हळूहळू पाण्यात सोडत राहतं, उन्हात तापलं की जास्तच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत असे रसायन लागलेले रिकामे ड्रम स्वतः घातक कचरा म्हणून धरलेले आहेत. कारखान्याने ते परवानाधारकाकडेच द्यायचे असतात. ते आपल्या अंगणात येता कामा नयेत, आणि आले तर त्यात पाणी भरता कामा नये. हे घोड्यांइतकंच घरातल्या पोरांसाठीही सांगतो आहे.

ड्रम ओळखायचा कसा? अंगावर गोलात 'यूएन' ही अक्षरं उमटवलेली असली तर तो घातक माल भरण्याच्या प्रमाणाचा ड्रम आहे. पण अक्षरं नाहीत म्हणून तो चांगला, असंही नाही. एकच कसोटी खरी मानावी. ड्रम पहिल्यांदा भरला कुठे आणि त्यात काय होतं, हे सांगणारा माणूस समोर हवा. खाद्यतेलाचा, फळांच्या गराचा असा ड्रम मिठाईवाल्याकडून किंवा खाद्यपदार्थाच्या कारखान्यातून थेट मिळाला तर घ्यावा. नाहीतर तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून नवी पाचशे लिटरची पाण्याची टाकी घ्यावी. घोडा नव्या ड्रमातलं पाणी हुंगून मागे सरला तर त्याच्यावर चिडू नका. पाण्याच्या वासाबाबत तो आपल्यापेक्षा फार सावध असतो. त्याला तहानेने नमवून ते पाणी प्यायला लावणं हा मोठा गुन्हा आहे, कारण दुसऱ्या दिवशी तो नमतोच.

किनाऱ्याकडची अडचण वेगळी. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी या पट्ट्यात उन्हाळा चढला की विहिरींना मचूळ पाणी लागतं. थोडं मचूळ पाणी घोडा पचवतो. लिटरमध्ये तीन हजार मिलिग्रॅमपर्यंत क्षार असतील तर सहसा बिघडत नाही, त्याच्या पुढे जपून, आणि सात हजारांच्या वर गेलं तर घोड्याला पाजूच नये. समुद्राच्या पाण्यात पस्तीस हजार असतात. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, पाण्याचे फिल्टर बसवणाऱ्यांकडे तर ते असतंच. किनाऱ्यावर घोडे फिरवणाऱ्यांनी सगळ्यांत मिळून एक घेतलं तरी पुरे. महिन्यातून एकदा विहीर मोजा, कारण फेब्रुवारीत गोड असलेलं पाणी मेमध्ये गोड असेलच असं नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी कमी खारट लागतं म्हणून तिथे जनावर नेणारे आहेत. कृपा करून नेऊ नका. खारं पाणी प्यायलेल्या जनावराची तहान वाढते आणि ते आणखी खारं पितं.

मग उरतं ते वाहून आणलेलं पाणी. लिटरचं वजन किलो, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. छोटा हत्ती पाऊण टनाचा टेंपो आहे, त्यात हजार लिटरची भरलेली टाकी चढवू नये. पाचशेची टाकी ठेवा, चारी बाजूंनी दोराने आवळा आणि भरायची तर काठोकाठ भरा. अर्धी टाकी वळणावर अशी हिंदकळते की गाडी एका अंगाला ओढली जाते. रानात टाकी ठेवायची ती कमरेएवढ्या उंचीवर, दगड-विटांच्या पक्क्या ओट्यावर, आणि बूड पूर्ण टेकलेलं हवं. बांबूच्या माचाणावर टनभर वजन ठेवून खाली जनावर बांधणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. टाकीतून इंचाचा पाइप काढून खालच्या हाळीत बॉल कॉक बसवला की हाळ आपोआप भरलेली राहते. बॉल कॉक घेताना दुकानदाराला 'कमी दाबाचा द्या' म्हणून सांगा. मीटरभर उंचीच्या टाकीला दाब नावापुरताच असतो, आणि इमारतीत वापरतात तो बारीक भोकाचा कॉक इथे ठिबकत बसतो. कॉकवर जाळी किंवा फळीचं झाकण घाला, घोडा कंटाळला की तो नाकाने खेळून मोडतो.

हाळ केवढी, कुठे? घाटावरचं तट्टू सव्वाशे-एकशेतीस सेंटिमीटर उंचीचं असतं, त्याला दीड-पावणेदोन फुटांची कड बरी. मोठ्या घोड्याला दोन ते अडीच फूट चालतात. कड गोल हवी. कापलेल्या पत्र्याची, कापलेल्या ड्रमची धार ओठाला आणि गुडघ्याला लागते. तिच्यावर जुना रबरी पाइप उभा चिरून बसवला की काम होतं. बादली वापरायची असेल तर तिची लोखंडी कडी काढून टाका, खूर अडकतो. बादली जुन्या टायरच्या मधोमध ठेवली की पायाने ढकलली तरी कलंडत नाही. टायरपासून बनवलेलं रबरी घमेलं याहून उत्तम, पाय पडला तरी फुटत नाही आणि लागतही नाही. मेंढपाळ खड्ड्यात ताडपत्री पसरून मेंढरांना पाणी पाजतात, ते मेंढरांपुरतं ठीक. घोड्याच्या खुरांनी ताडपत्री फाटते आणि सगळं पाणी मातीत जातं.

दोर मोजायला विसरू नका. घोडा खुंटाला लांब दोराने बांधलेला, बादली सावलीत ठेवलेली आणि दोर दोन हात कमी पडलेला, असं चित्र रस्त्याने जातायेता दिसतं. सकाळी बादली बरोबर जागी होती, मग सावली सरकली म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने बादली सरकवली. बादली ठेवून झाली की घोडा हाताने धरून तिच्यापर्यंत नेऊन बघा. एक घोट घेऊ द्या, मग जा.

पाणी सावलीतच ठेवा, काळ्या टाकीतलं उन्हात तापलेलं पाणी तो कमी पितो. टाकीवर ओलं गोणपाट टाका. झाड मात्र बघून निवडा. कण्हेरीच्या जवळ हाळ ठेवू नका. महामार्गांच्या दुभाजकांत आणि बंगल्यांच्या कुंपणाला सर्रास दिसणाऱ्या या झाडाची पानं घोड्याला जीवघेणी आहेत, आणि पाण्यात पडून राहिलेली पानंही विष सोडतात.

आता घोडा पाणी पितो कसा, ते एकदा नीट उभं राहून बघा. तो ओठ जवळजवळ मिटून पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवतो, नाकपुड्या वर ठेवतो आणि ओढतो. आवाज फारसा येत नाही. पण प्रत्येक घोटाला त्याचे कान हलतात. कान मोजले की घोट कळतात. रोज बघणाऱ्या धन्याला चार दिवसांत कळतं की आपला घोडा एका वेळी साधारण किती घोट घेतो आणि आज त्याने निम्म्यातच मान वर केली. मान वर करून, ओठांतून पाणी गळू देत, इकडेतिकडे बघत तो जरा थांबतो आणि पुन्हा तोंड घालतो. पहिल्यांदा मान वर केली म्हणून बादली उचलू नका, त्याचं झालेलं नसतं. चारा खाल्ल्यावर तासाभरात त्याला तहान लागते, त्या वेळी पाणी समोर हवं. हाळ भरलेली ठेवता येत नसेल तर उन्हाळ्यात दिवसातून तीनदा तरी पाजा, आणि त्यातली एक वेळ रात्रीची ठेवा.

घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये, पोट धरतं, असं जुने लोक सांगतात आणि पुष्कळ जण अजून पाळतात. या समजाला आधार नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींचे घोडे सांभाळणारे पशुवैद्य तर काम थांबताच पाणी द्या म्हणतात, कारण तेव्हाच त्याला सर्वांत जास्त प्यावंसं वाटतं. जरा चालवा, अंगावर पाणी ओता, आणि प्यायला द्या. तासभर तहानलेला ठेवून काही साधत नाही. घामातून त्याचं मीठही फार जातं, म्हणून सैंधवाचा खडा चाटायला टांगून ठेवा. पण एकुलत्या एका बादलीत मीठ कालवू नका. साधं पाणी नेहमी वेगळं हवं.

पाणी कमी पडतंय हे त्याच्या अंगावर दिसतं. खांद्यापुढच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडा, ती एक-दोन सेकंदांत सपाट व्हायला हवी. हिरडीवर बोट दाबा, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हावा, आणि हिरडी ओली, बुळबुळीत लागावी. लीद बारीक, कडक, कोरड्या गोळ्यांची पडू लागली तर समजा. तो पोटाकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने माती उकरतोय, लोळतोय आणि सकाळपासून लीदच नाही, अशा वेळी बाटलीने तोंडात पाणी किंवा तेल ओतू नका, ते फुप्फुसात जातं. चारा काढून घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट क्रमांक आहे.

सामायिक हाळीबाबत दोन शब्द. गावच्या गुरांना एक हाळ चालते. पण किनाऱ्यावर, जत्रेत, वरातीच्या मोसमात वेगवेगळ्या गावांचे घोडे एकत्र येतात तिथे प्रत्येकाची बादली वेगळी ठेवा. नाकातून घट्ट शेंबूड येणारा, गळ्याखाली गाठी आलेला घोडा सामायिक पाण्याला तोंड लावता कामा नये. ग्लँडर्ससारखा रोग पाण्याच्या हाळीतून पसरतो, माणसालाही होतो, आणि तो आढळला तर सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हाळ आठवड्यातून एकदा रिकामी करून ब्रशने घासा आणि कोरडी होऊ द्या. डेंग्यूसाठी कोरडा दिवस पाळतो तसाच हा. मोठा सिमेंटचा हौद रिकामा करणं जमत नसेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा.

पावसाळ्यात हा विषय संपला असं समजू नका. भाताच्या खाचरांत साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि घोड्यांत त्याचा परिणाम पुढे डोळ्यांवरही होतो. पावसाळ्यातही हाळ भरा. तेव्हा पाणी फुकट आहे. दहा बाय वीस फुटांच्या पत्र्याच्या शेडवर एक मिलिमीटर पाऊस पडला की अठरा लिटर पाणी होतं. एका चांगल्या सरीत पाचशेची टाकी भरते. पहिल्या एक-दोन पावसांचं धुवण सोडून द्या, मग पन्हळ लावून टाकीत घ्या. शेततळं असेल तर जनावर थेट त्यात उतरवू नका. प्लास्टिक अंथरलेल्या उतारावर खूर धरत नाहीत, आत गेलेला घोडा बाहेर येऊ शकत नाही. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याच्या सिमेंटच्या बाजूंचंही तसंच आहे. कुंपण घालून पाणी बादलीने वर काढा.

आपल्या जिल्ह्याच्या जव्हार-मोखाड्याकडे बाया उन्हातान्हात डोक्यावरून पाणी आणतात. माणसाला नाही तिथे घोड्याला कुठून, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. म्हणूनच टँकरचं, नळपाणी योजनेचं पिण्याचं पाणी जनावरांसाठी मागू नका. हातपंपाखाली सांडून चिखल होणारं पाणी मागा. पंपाच्या ओट्याला तीन हात लांबीची नाली आणि तिच्या टोकाला सिमेंटची छोटी हाळ, एवढं बांधलं की तेच पाणी गुरांना, शेळ्यांना, घोड्याला मिळतं आणि पंपाभोवतीचा चिखलही जातो. गावात वापराबाहेर गेलेली एखादी विहीर असेल, पाणी चांगलं पण कुणी भरत नाही अशी, तर तिचा गाळ काढून तिच्याकाठी हाळ बांधा. मुंबईत व्हिक्टोरिया आणि बैलगाड्या होत्या तेव्हा दानशूरांनी बांधलेल्या पाणपोयांच्या पायथ्याशी जनावरांसाठीही कुंड्या ठेवलेल्या असत. पालघरच्या गावात एक हाळ बांधायला तेवढं मोठं दानही लागत नाही.

कायदाही ध्यानात असू द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमानुसार जनावराला पुरेसं पाणी न देणं हा धन्याचा गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनुसार तट्टावर सत्तर किलोंहून जास्त ओझं लादता येत नाही, दिवसात नऊ तासांवर काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन त्याला कामाला लावता येत नाही. किनाऱ्यावरच्या मंडळींनी हे तीन तास घोडा सावलीत, पाण्याजवळ उभा करावा. पर्यटक थांबतात. न थांबणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

ही कामं मे महिन्यात सुचून उपयोगाची नाहीत. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा तर पाणी वाहतंय तोवर, दिवाळीच्या आगेमागे घाला. पोती चांगली झटकून धुवून घ्या. मेंढपाळाशी पाण्याची बोलणी तळ पडायच्या आधी करा. हातपंपाच्या हाळीचा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडा, होळीपर्यंत बांधून होते. टाकी, पाइप, बॉल कॉक लग्नसराई सुरू व्हायच्या आत आणून ठेवा. आणि आज घरी गेल्यावर घोड्यासमोर, गोठ्यात, अंगणात जो निळा ड्रम आहे तो कुठून आणला होता ते घरात विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर त्यातलं पाणी आजच काढून टाका.